आयटूसी एलसीडी पडदा आणि मायक्रोकंट्रोलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळा बाय दोनचा एलसीडी, त्याच्या पाठीला आयटूसीची (दोन तारांवरून चिपा एकमेकींशी बोलतात त्या पद्धतीची) काळी पट्टी, आणि समोर अर्डुइनो नाहीतर ईएसपी हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत डिप्लोमाची पोरं, पंपाच्या पेट्या बांधणारे वायरमन, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काउंटर बसवणारे, सगळे हेच सामान घेऊन बसतात आणि ठरलेल्या चार-पाच जागी अडकतात. खालची उत्तरं त्यांच्यासाठी. कोड इथं दिलेला नाही, तो कुठंही मिळतो. बहुतेक वेळा दुखणं कोडमध्ये नसतंच.

पाठीमागची ती काळी पट्टी नेमकं करते काय?

मूळ पडद्याला आयटूसी कळत नाही. त्यात हिताचीच्या एचडी४४७८० जातीचा कंट्रोलर असतो, आणि त्याला समांतर तारा लागतात: आरएस, ई (तुकडा उचल असा इशारा देणारी), आणि कमीत कमी चार डेटा तारा. एवढ्या पिना अडकवायच्या नसतात म्हणून मध्ये पीसीएफ८५७४ ही चिप घालतात. आयटूसीवरून एक बाइट आला की ही चिप तो आपल्या आठ पिनांवर जसाच्या तसा मांडते. बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांत पी० ला आरएस, पी१ ला आरडब्ल्यू, पी२ ला ई, पी३ ला बॅकलाइट आणि पी४ ते पी७ ला डी४ ते डी७ जोडलेले असतात.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आयटूसीवर जी पोच मिळते ती पट्टीवरच्या चिपची असते, पडद्याची नसते. वॉचमननं पत्र घेतलं म्हणजे मालकानं वाचलं असं होत नाही. नेहमीच्या लायब्ररी पडद्याकडून काही वाचून घेतच नाहीत, नुसतं पाठवत राहतात. मागे काचेचा पडदा नसला तरी तुमचा प्रोग्रॅम आनंदानं पुढं चालतो.

कुठली तार कुठं लावायची?

जीएनडी (शून्याची), व्हीसीसी (विजेची), एसडीए (डेटाची), एससीएल (ठोक्याची), अशा चारच तारा. अर्डुइनोच्या उनो आणि नॅनो बोर्डांवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. मेगावर २० आणि २१, लिओनार्डोवर २ आणि ३. ईएसपी८२६६ च्या नोडएमसीयूवर एसडीए डी२ ला, एससीएल डी१ ला. ईएसपी३२ वर २१ आणि २२. मेगावर ए४-ए५ ला तारा लावून दिवस घालवणारे दर सेमिस्टरला भेटतात. उनोचं चित्र बघून मेगा जोडलेला असतो, दुसरं काही नाही.

एसडीए-एससीएल उलटे लागले तर काही जळत नाही. व्हीसीसी-जीएनडी उलटे लागले तर मात्र पट्टीवरची चिप जाते, कधी पडदाही.

पडदा उजळलाय, पण अक्षर एक नाही. काय बघू?

आधी लॅपटॉप बाजूला सारा आणि पडद्याकडे नीट बघा. काय दिसतंय त्यावर पुढचं ठरतं.

नुसता निळा किंवा हिरवा उजेड, चौकोनसुद्धा नाहीत: बहुतेक वेळा हा कॉन्ट्रास्ट. पट्टीवर निळा चौकोनी पॉट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) असतो, तो बारीक स्क्रू ड्रायव्हरनं हळूहळू फिरवा. कारखान्यातून तो कुठल्याही जागी येतो. ५ व्होल्टवर व्ही० या कॉन्ट्रास्टच्या पिनेला साधारण अर्धा ते एक व्होल्ट आला की अक्षरं नीट उठतात. मल्टिमीटर असेल तर पडद्याची तिसरी पिन आणि जीएनडी यांच्यात मोजून बघा. पॉट फिरवूनही आकडा हलत नसेल तर तिथं डाग (सोल्डरचा जोड) सुटलाय.

वरच्या ओळीत सोळा भरीव चौकोन, खालची ओळ कोरी: ही चांगली बातमी आहे. पडद्याला वीज पोचली, कॉन्ट्रास्टही ठीक आहे. वीज मिळताच कंट्रोलर एका ओळीच्या स्थितीत उठतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघतो. तो हुकूम त्याला मिळालेला नाही. पत्ता चुकीचा, तार सुटलेली, किंवा लायब्ररी सुरूच केलेली नाही, यांपैकी एक. चार ओळींच्या पडद्यावर हेच चौकोन पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत दिसतात.

दोन्ही ओळींत फिकट चौकोन दिसत असतील आणि त्यांच्याआड अक्षरं पुसट असतील तर हुकूम पोचलाय, कॉन्ट्रास्ट जास्त झालाय. पॉट थोडा मागं घ्या.

उजेडच नाही: पट्टीच्या एका टोकाला दोन पिनांवर छोटा जंपर असतो, तो पडला असेल. त्याच्यातूनच बॅकलाइटची वीज जाते. उजेड नसला तरी टॉर्च तिरकी मारून बघा, अक्षरं असतील तर दिसतील.

पत्ता २७ घालायचा की ३एफ?

तुमच्या पट्टीवरची चिप बघा. पीसीएफ८५७४ असेल तर आयटूसीवरचे तिचे पत्ते हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांत, इथले सगळे पत्ते तसेच) २० ते २७, आणि नावाच्या शेवटी ए असलेली पीसीएफ८५७४ए असेल तर ३८ ते ३एफ. ए०, ए१, ए२ या तीन जागा मोकळ्या सोडलेल्या असतात आणि रेझिस्टरनं वर ओढलेल्या असतात, म्हणून दुकानातून आणलेल्या पट्टीचा पत्ता बहुधा २७ किंवा ३एफ निघतो. ए० वर डाग दिला की २७ चा २६ होतो, ए१ वर दिला तर २५, ए२ वर दिला तर २३.

अंदाज करत बसू नका. आयटूसी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्रॅम टाका, तो पत्ता सांगतो.

एसटीएम३२ वाल्यांसाठी: एचएएल या एसटीएम३२ च्या तयार लायब्ररीच्या फंक्शनला पत्ता एक घर डावीकडे सरकवून द्यावा लागतो. म्हणजे २७ च्या जागी ४ई, ३एफ च्या जागी ७ई. अर्डुइनोत सात बिटांचाच पत्ता चालतो.

स्कॅनर म्हणतो, काहीच सापडलं नाही.

जीएनडी एकच आहे का बघा. पडद्याला वेगळा अॅडॉप्टर आणि बोर्डाला लॅपटॉपची यूएसबी, आणि दोघांच्या जीएनडीत तारच नाही, हा प्रकार फार. मग काही चालू नसताना एसडीए आणि एससीएलवर व्होल्ट मोजा. दोन्ही व्हीसीसीच्या जवळ उभ्या पाहिजेत. एखादी शून्याजवळ पडली असेल तर शॉर्ट आहे किंवा पुल-अप (तार व्हीसीसीकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही. पट्टीवर सहसा ४.७ किलोओहमचे पुल-अप असतात, पण स्वस्त मालात ते कधी बसवलेलेच नसतात.

मग जंपर तारा बदला. नवी कोरी तारसुद्धा आतून तुटलेली निघते.

स्कॅनरला पत्ता सापडतो, तरी पडदा कोराच.

वर सांगितलेली पोच इथं आठवा. स्कॅनरनं फक्त चिप जिवंत असल्याचं सांगितलं.

पुढची चाचणी मला सगळ्यात आवडते. प्रोग्रॅममधून बॅकलाइट सेकंदाला चालू-बंद करा, बाकी काही लिहू नका. दिवा हुकमाप्रमाणे लुकलुकला तर तारा, पत्ता, बस (एसडीए-एससीएलची जोडी), चिप, सगळं बरोबर आहे, कारण बॅकलाइट त्याच चिपच्या पी३ वरून चालतो. मग संशय उरतो पट्टी आणि पडद्याच्या मधल्या सोळा डागांवर, किंवा लायब्ररीतल्या पिनांच्या क्रमावर. सगळ्याच पट्ट्या मी वर दिलेल्या क्रमानं बांधलेल्या नसतात. अशा वेळी एचडी४४७८० याच नावाची लायब्ररी घ्या. ती पत्ता आणि पिनांचा क्रम दोन्ही आपण होऊन ओळखते, आणि तिच्यासोबत तपासणीचा एक प्रोग्रॅमही येतो. माझं मत विचाराल तर नव्या माणसानं सुरुवातच तिच्यापासून करावी.

दिवा हललाच नाही तर पत्ता खरंच पडद्याचा आहे का बघा. त्याच बसवर डीएस३२३१ घड्याळ असेल तर तेही ६८ वर उत्तर देतं, आणि त्याच्या बोर्डावरची मेमरी बहुधा ५७ वर.

व्हिडिओतला कोड जसाच्या तसा घातला, तरी कंपाइल होत नाही.

लिक्विडक्रिस्टल आयटूसी या एकाच नावाच्या अनेक लायब्ररी फिरतात. एकीत सुरुवात इनिट या फंक्शननं होते, दुसरीत बिगिननं, तिसरीत बिगिनला सोळा आणि दोन असे आकडे द्यावे लागतात. व्हिडिओवाल्याकडे एक होती, तुमच्याकडे दुसरी आहे. जुनी काढून टाका, एकच ठेवा, आणि तिच्याबरोबर आलेलं उदाहरण आधी चालवा.

ईएसपीला ५ व्होल्टचा पडदा थेट जोडला तर चालेल?

चालतो. कितीतरी जण चालवतात. तरी यात दोन अडचणी आहेत, त्या समजून घ्या आणि मग ठरवा.

पहिली: पट्टीवरचे पुल-अप एसडीए-एससीएलला ५ व्होल्टकडे ओढतात. ईएसपीच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ४.७ किलोओहममधून जाणारा करंट थोडा असतो म्हणून लगेच काही होत नाही, पण शेतातल्या पेटीत वर्षानुवर्षं राहायचं असेल तर असं सोडू नये.

दुसरी उलट बाजूची: ५ व्होल्टवर चालणारी पीसीएफ८५७४ साडेतीन व्होल्टच्या वरच्यालाच 'वर' समजेन असं डेटाशीटमध्ये म्हणते. पुल-अप काढून ३.३ ला लावले तर पहिली अडचण मिटते, पण सिग्नल काठावर येतो. टेबलावर चालेल, थंडीत किंवा लांब तारेवर अडेल.

दोन्हीवर एकच इलाज, बीएसएस१३८ मॉस्फेटचं लेव्हल कन्व्हर्टर, म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्टचे सिग्नल एकमेकांत बदलणारं. बोटाच्या पेराएवढं बोर्ड असतं. पडद्याला ५ व्होल्ट, ईएसपीच्या बाजूला ३.३, जीएनडी सामाईक.

पडद्यालाच ३.३ व्होल्ट देऊन बघू म्हणाल तर ५ व्होल्टचा पडदा उजळतो पण अक्षरं उठत नाहीत. काचेला लागणारा फरक मिळवायला व्ही० शून्याच्याही खाली न्यावा लागतो आणि पट्टीवरचा पॉट तेवढं करू शकत नाही.

मोटर सुरू झाली की पडद्यावर चिनी अक्षरं येतात.

या भागातला हा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण इथं निम्मे पडदे उसाच्या नाहीतर भाजीच्या रानात स्टार्टरच्या पेटीत जाऊन बसतात.

आधी ती अक्षरं. चिनी नव्हेत, जपानी काताकाना आहेत. कंट्रोलरच्या ए०० रॉममध्ये (अक्षरांच्या कायमच्या मेमरीत) इंग्रजी अक्षरांबरोबर ती भरलेली असतात.

आता ती येतात कशी. पडदा चार बिटांच्या पद्धतीत चालतो, म्हणजे प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं. कॉन्टॅक्टर खटकन ओढला किंवा सुटला की कॉइलमधून व्होल्टेजची उसळी येते. तिचा ठोका ई पिनेवर बसला की पडद्याला वाटतं आणखी एक तुकडा आला. तिथून पुढं जोडी एका तुकड्यानं सरकते: मागच्या अक्षराचा उत्तरार्ध आणि पुढच्याचा पूर्वार्ध मिळून एक अक्षर. सगळं बिघडतं आणि बिघडलेलंच राहतं. बोर्ड मात्र ठणठणीत असतो, त्याला पोचही मिळत असते. म्हणून प्रोग्रॅमला काही कळत नाही, आणि मोटर बंद केली तरी पडदा सुधारत नाही.

इलाज उगमापासून सुरू करा. डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड पाहिजेच. कॉन्टॅक्टरची कॉइल एसीवर असेल तर तिथं डायोड चालत नाही, लावलात तर शॉर्ट होईल. तिथं आरसी स्नबर: साधारण १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा कपॅसिटर, थेट कॉइलच्या टोकांवर. साधा कपॅसिटर लावू नका, मेन्सवर तो फुटतो. थ्री फेजच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात. मेन बंद करून, टेस्टरनं नाही तर मीटरनं खात्री करूनच हात घाला.

मग वीज. रिले आणि पडदा एकाच ५ व्होल्टवर असतील तर वेगळे करा. पडद्याच्या व्हीसीसी-जीएनडीवर, अगदी पट्टीपाशी, १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा. एसडीए-एससीएलच्या तारा पॉवरच्या वायरांसोबत एकाच टायनं बांधू नका. पेटीत जागा कमी म्हणून सगळे तेच करतात.

शेवटी प्रोग्रॅम. रिले टाकल्यावर अर्ध्या सेकंदानं, आणि एरवीही दर काही मिनिटांनी, पडदा नव्यानं सुरू करा. सुरुवातीच्या हुकमात ३ हा तुकडा तीनदा आणि मग २ जातो. पडदा कुठल्याही अवस्थेत असला तरी त्यानं ताळ्यावर येतो. पण नुसतं एवढंच करून वरचं सगळं सोडून देऊ नका, कारण तीच उसळी उद्या बोर्डाला रिसेट करेल आणि पंप अवेळी बंद पडेल.

पडद्याऐवजी अख्खा बोर्डच थिजत असेल तर बस अडकलेली असते. अर्डुइनोच्या वायर लायब्ररीच्या नव्या आवृत्त्यांत टाइमआउट लावता येतो. तो लावा, आणि वॉचडॉगही (प्रोग्रॅम थिजला की बोर्ड रिसेट करणारा टायमर).

थ्री फेज रात्री येतो. पेटी घरापासून लांब. पडदा घरात आणता येईल का?

आयटूसीवर नको. ही बस एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी निघाली आहे, आणि तारांची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवा असं तिचा नियम सांगतो. अर्धा मीटर निर्धास्त. मीटर-दीड मीटरला वेग १०० किलोहर्ट्झवरच ठेवा (पीसीएफ८५७४ ला तसाही तेवढाच चालतो) आणि एसडीए-एससीएल एकमेकींना पीळ न घालता प्रत्येकीला जीएनडीच्या तारेबरोबर पीळ घाला. विहिरीपासून घरापर्यंत न्यायचं तर आरएस-४८५ ही लांबच्या तारेसाठीची पद्धत घ्या आणि घरात पडद्यापाशी एक नॅनो बसवा.

पडद्यावर मराठी येईल का? मालकाला कन्नडही पाहिजे.

रॉममध्ये देवनागरी नाही, कन्नड लिपीही नाही. स्वतःची अक्षरं घडवायला जागा आहे, पण एका वेळी आठच, आणि प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं.

'पाणी' लिहायला बसा म्हणजे कळेल. शिरोरेखा, काना, वेलांटी सगळं आठ ठिपक्यांच्या उंचीत कोंबावं लागतं. त्यातून दर दोन घरांच्या मध्ये काचेवरच एक फट असते, तिथं ठिपका नाही. म्हणजे शिरोरेखा दर अक्षराला तुटणार. लांबून वाचता येतं, पण देखणं होत नाही. कन्नडला शिरोरेखेची अडचण नाही, पण गोलाई पाच ठिपक्यांत मावत नाही आणि ओत्तक्षरं (जोडाक्षरात अक्षराखाली लिहायचे भाग) तर राहतातच.

त्यामुळं या पडद्यावर रोमन अक्षरांत 'मोटर चालू' लिहा आणि घडवलेली अक्षरं खुणांसाठी ठेवा: थेंब, टाकीच्या पातळीच्या पट्ट्या, फेज गेल्याची खूण. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, पडद्याचा रॉम त्याच्या कितीतरी आधीचा, तेव्हा तेही घडवावंच लागतं. अंशाचं चिन्ह मात्र तयार आहे, ए०० रॉममध्ये २२३ क्रमांकाला. घडवलेलं शून्य क्रमांकाचं अक्षर लिहिताना कंपायलर अडला तर शून्याला बाइट म्हणून सांगा.

खरी देवनागरी किंवा कन्नड पाहिजे तर १२८ बाय ६४ चा ओलेड घ्या, एसएसडी१३०६ चिपचा. तोही आयटूसीच, पत्ता बहुधा ३सी. जोडाक्षरं लायब्ररीकडून नीट जुळतील या भरवशावर राहू नका. ठरलेले दहा-बारा शब्द कॉम्प्युटरवर चांगल्या फाँटमध्ये लिहा, त्यांचे काळे-पांढरे चित्र करा आणि तेच दाखवा. एक लक्षात असू द्या, पूर्ण पडद्याचा बफर १०२४ बाइट खातो आणि उनोकडे एकूण २०४८ च आहेत.

आकडा बदलताना पडदा लुकलुकतो.

लूपमध्ये दर वेळी क्लिअर करता म्हणून. क्लिअरला एकट्याला दीड मिलिसेकंद लागतो, आणि मग सगळी अक्षरं बसवरून पुन्हा पाठवावी लागतात. पुसू नका, त्याच जागेवर लिहा, आणि बदललं असेल तेवढंच लिहा. १०० नंतर ९९ आला की जुना शून्य मागं राहून ९९० दिसतो, म्हणून आकडा ठरलेल्या रुंदीत, डावीकडे रिकामी जागा भरून लिहा. उद्यमबागेतल्या एका काउंटरवर या एका शून्यापायी मालाच्या मोजणीवरून वाद झाल्याचं ऐकलंय.

चार ओळींच्या पडद्यावर पहिली ओळ भरली की पुढचं तिसरीत जातं.

बिघाड नाही. आतल्या मेमरीत पहिली ओळ शून्यापासून, तिसरी हेक्स १४ पासून, म्हणजे वीस घरांनंतर लगेच. दुसरी ४० पासून, चौथी ५४ पासून. प्रत्येक ओळीआधी कर्सर स्वतः ठेवा.

एकाच बसवर किती पडदे?

दोन्ही चिपांचे मिळून सोळा पत्ते होतात. पण प्रत्येक पट्टीवरचे पुल-अप समांतर जोडले जातात. ४.७ चे पाच जोडले की किलोओहमच्याही खाली येतं, आणि चिपला ते ओढवत नाही. दोन-तीनपुढं गेलात तर बाकीच्यांवरचे रेझिस्टर काढा.

ऊन-पावसात टिकेल?

साधा पडदा ० ते ५० अंशांचा. अथणी-रायबागकडं एप्रिलच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून वर सहज जातं. मग पडदा काळपट होतो, गार झाला की परत येतो. पेटी सावलीला, तोंड उत्तरेकडं. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा पडदा दुकानात छान दिसतो पण उन्हात काही कळत नाही. रानासाठी हिरवट-पिवळा घ्या, तो बॅकलाइट बंद ठेवूनही वाचता येतो आणि सोलर-बॅटरीवर तेवढी वीज वाचते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं उलटं दुखणं: चार महिने ओल. जंपरच्या पिना हिरव्या पडतात आणि पडदा मनाला येईल तेव्हा चालतो. तिथं जंपर वापरूच नका, तारा डाग देऊन जोडा, पट्टीवर पीसीबीचं वार्निश मारा, पण पॉट आणि जंपरच्या पिना झाकून.

व्हायव्हाला काय विचारतात?

आयटूसी फिलिप्सनं १९८२ साली काढलं. दोन तारा ओपन-ड्रेन असतात, कुणीही खाली ओढू शकतो, वर कुणी ढकलत नाही, म्हणून पुल-अप लागतो. पत्ता सात बिटांचा, आठवा बिट वाचायचं की लिहायचं ते सांगतो, नवव्या ठोक्याला पोच. 'पोच कोण देतं' असा प्रश्न आला तर पडदा म्हणू नका.

पडदाच मेलाय हे नक्की कसं कळणार?

बॅकलाइटची चाचणी पास, सोळाही डाग नव्यानं दिलेले, व्ही० चा आकडा बरोबर, आणि तरी फक्त चौकोन. मग दुसरा चांगला पडदा नुसता पट्टीच्या पिनांवर टेकवून बघा. तो चालला तर पहिला गेला. काढताना सोळा पिना एकदम तापवायच्या नादाला लागू नका, पट्टीचे तांब्याचे पॅड उचकटतात. मेलेल्या पडद्याच्या बाजूनं पिना कटरनं एकेक तोडा, मग उरलेले तुकडे एकेक तापवून ओढून काढा. पट्टी वाचते, आणि नव्या पडद्याला या वेळी थेट डाग न देता मध्ये सोळा पिनांचा सॉकेट बसवा.